नाव तेच ठेवावे काय?

घरात आंतरजाल पुरविणारी कंपनी बदलली की घरातील निम्म्या वस्तू पोरक्या होतात. ही गोष्ट आता पुण्या-मुंबईच्या सदनिकांपुरती राहिलेली नाही. अंबड तालुक्यातील आमच्या अंतरवाली सराटीतही माळवदाच्या घरात फोनवरून पेटणारा दिवा आढळतो, आणि परगावी नोकरीला गेलेल्या मुलाने पडवीत बसवून दिलेला कॅमेराही. या वस्तूंना 'स्मार्ट' म्हणतात. पण त्यांची सारी हुशारी एका नावावर आणि एका परवलीच्या शब्दावर उभी असते. भिंतीवरची राऊटरची पेटी बदलली की नाव बदलते, शब्दही बदलतो. दिवा बिचारा जुन्याच नावाचा शोध घेत बसतो. वीज आहे, तार आहे, जाळे आहे; फक्त त्याच्या ओळखीचे कोणी नाही.

यावर उपाय दोन. पहिला कष्टाचा. एकेक वस्तू हातात घ्यायची, तिची कळ काही सेकंद दाबून धरायची. दिवा असेल तर बटन ठरावीक वेळा भराभर चालू-बंद करायचे. तो लुकलुकू लागला की समजावे, हा मागचे सारे विसरला. मग फोनवरून त्याला नवे नाव नि नवा शब्द शिकवायचा. यात आडकाठ्याही पुष्कळ. अशा बहुतेक वस्तूंना २.४ गिगाहर्ट्झचीच लहर कळते. नव्या पेट्या पुष्कळदा ५ गिगाहर्ट्झची लहरही त्याच नावाने सोडतात, आणि फोन एकीवर, दिवा दुसरीवर अशी चुकामूक होते. (आमच्या हातभर जाडीच्या भिंती ती पहिली लहरच बरी ओलांडते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे.) काही जुन्या वस्तूंना नव्या पेटीची संरक्षणाची नवी रीत मुळीच उमगत नाही.

दुसरा उपाय पाच मिनिटांचा. नव्या पेटीला जुन्या पेटीचेच नाव द्यायचे आणि शब्दही जुनाच ठेवायचा. मात्र लहानमोठी अक्षरे, मधली मोकळी जागा, सारे तंतोतंत. एवढे केले की कॅमेरा, दिवे, सारे जिथल्या तिथे जागे होतात. धनी बदलला हे त्यांना कळतसुद्धा नाही.

आमच्याकडे नवी तार जोडायला आलेल्या मुलाने तेच विचारले, "गुरुजी, जुनंच नाव ठेवू का? म्हणजे तुम्हांला काहीच करावं लागणार नाही." हा प्रश्न तो दिवसातून चारदा विचारीत असेल. माझ्या मनात मात्र तो घर करून बसला आहे.

नाव ही चीज तरी काय आहे? मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, आणि राजाला कबूल करावे लागते की या सगळ्यांच्या मेळाला दिलेले रथ हे एक नाव आहे. आमच्या पेटीचे तर मेळही उरला नाही. पेटी गेली, तार गेली, कंपनी गेली, उरले ते नुसते नाव, आणि त्या नुसत्या नावामागे वस्तू मुकाट्याने चालू लागल्या. मुकाट्याने म्हणताना थोडा अन्याय होतो. नुसते नाव चोरून येथे भागत नाही. २००४ साली ठरलेल्या आणि अजून घरोघर चालणाऱ्या रीतीत परवलीचा शब्द कोणी कोणाला सांगतच नाही. पेटी आणि दिवा एकमेकांना एकेक आकडा पाठवितात, आणि त्या आकड्यांवर गुप्त शब्दाचा संस्कार करून 'मला शब्द ठाऊक आहे' एवढेच दुसऱ्याला पटवून देतात. अशोकवनात मारुतीने सीतेला रामनामाची मुद्रिका दाखविली, त्याच जातीचे हे काम. पण सीतेने मुद्रिका हाती येण्यापूर्वी मारुतीला पुष्कळ प्रश्न विचारले होते. राम दिसतो कसा, त्याची नि वानरांची गाठ पडली कुठे? भिक्षेकऱ्याच्या वेषाने तिचा एकदा घात झालेला होता. दिवा प्रश्न विचारीत नाही. खूण पटली की त्याचे समाधान होते.

मराठी घरांना ही युक्ती अपरिचित नाही. पहिली बायको गेली, मागे लहान मुले राहिली, की थोड्याच दिवसांत दुसरेपणावर कोणी तरी यायची. ती गळ्यात सवतीचा चांदीचा टाक घालायची, आणि मुलांना तिच्यासमोर उभे करून सांगितले जायचे, "ही तुझी आई." चूल विझायची नाही, गुरे उपाशी राहायची नाहीत, पोरांच्या डोक्याला तेल लागायचे. अशा घरांत वाढलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांतल्या कित्येकांनी सावत्र आईसाठी ढसढसा रडताना मी त्यांना पाहिले आहे. तेव्हा या व्यवहाराला सरसकट नावे ठेवणे मला जमणार नाही. तरी त्यात दोघांना कोणी काही विचारले नव्हते: आलेल्या बाईला, आणि त्या मुलांना. घर अडू नये म्हणून नाव पुढे चालविले गेले. विचारायला बसले असते तर घर कदाचित अडलेच असते.

माझ्या आईचेही नाव लग्नात बदलले. ताटात तांदूळ पसरले, वडिलांनी अंगठीने त्यांत नवे नाव लिहिले, पेढे वाटले गेले. त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. तरी माहेरच्या गावी एखादी म्हातारी ओट्यावरून जुन्या नावाने हाक मारते तेव्हा आई ज्या वेगाने वळते, त्या वेगाने ती आमच्या हाकेला कधी वळलेली मला आठवत नाही. तिच्या आत कोणी कळ दाबून धरलेली नव्हती. वरून नवे नाव लिहिले एवढेच.

नावाची आणि नोंदीची किंमत आमच्या गावाला शिकवायला नको. २९ ऑगस्ट २०२३ रोजी येथे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले गाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. मग मराठवाडाभर लोक निजामकालीन कागद धुंडाळू लागले: पणजोबाच्या नावापुढे 'कुणबी' असे लिहिलेले सापडते काय? २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासननिर्णय निघाला. त्या वादाची बाजू मांडण्याची ही जागा नव्हे. मला नवल वाटते ते एवढ्याचे, की हा मुलूख १९४८ साली निजामाच्या हातून सुटला, १९५६ साली मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, १९८१ साली जालना हा वेगळा जिल्हा झाला. पुरवठा करणारा इतक्यांदा बदलला, तरी कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला आजही विचारले जाते ते एवढेच, की जुन्या राज्यातल्या कारकुनाने काय लिहून ठेवले होते.

म्हणजे जुने नाव पुढे चालविणे वाईटच काय? तसे मी म्हणणार नाही. शेतातल्या मोटारीचे घ्या. विजेच्या पाळ्या रात्रीअपरात्री येतात. अंधारात विहिरीवर जाण्यापेक्षा अंथरुणात बसून स्टार्टरला फोन लावणे केव्हाही बरे. त्या स्टार्टरमध्ये एक सिमकार्ड असते. २० जानेवारी २०११ पासून देशभर आकडा तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. कार्ड नवे घालावे लागते, पण शेतकऱ्याच्या बोटांना पाठ झालेला आकडा तोच राहतो. (नव्या कंपनीचे जुन्या धर्तीचे जाळेच नसेल तर स्टार्टर मुका होतो, ही गोष्ट निराळी.) कोणत्या कंपनीच्या जाळ्यातून हाक आली याचे मोटारीला सोयरसुतक नाही, आणि मलाही नाही. दिव्याचेही तेच. वस्तूला फसविण्यात पाप आहे असे मानण्याइतका मी हळवा नाही.

अडचण आहे ती कॅमेऱ्याची. वस्तूच्या पलीकडे जेथे माणूस बसलेला असतो, तेथे जुने नाव पुढे चालविले की त्या माणसावरची जुनी व्यवस्थाही पुढे चालते, आणि तिला कोणी नव्याने हात लावीत नाही.

आमच्या पडवीतला कॅमेरा दादाने बसविला. तो चाकणला कारखान्यात आहे. कॅमेरा बसविल्यानंतरच्या वर्षी आई पहाटे पडवीत पडली. पहिल्या पाळीला निघता निघता दादाने फोनवर पाहिले नि शेजाऱ्यांना उठविले. मी त्या दिवशी परीक्षेच्या कामासाठी परगावी होतो. तेव्हा त्या यंत्राने काय केले ते मी नाकारीत नाही. पण ते यंत्र आईच्या पडण्याची वाट पाहत दिवसभर नुसते बसत नाही. ते तिचे मशेरी लावणेही पाहते. मग संध्याकाळी दादाचा फोन येतो, "आई, आज तीनदा लावलीस." यात त्याची माया आहे, हे आईलाही कळते. तिने मात्र हळूहळू खाट भिंतीकडे सरकविली, आणि न्हाल्यावर केस वाळवायला ती परसात जाऊ लागली.

जुनी तार तुटल्यापासून नवी येईपर्यंत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत पडवीत दुपारी बायका जमू लागल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज मी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी ऐकला. आवाज नवा नव्हता. पूर्वी तो रोजच येत असे. तो केव्हा थांबला हे घरात कोणी टिपून ठेवले नव्हते.

त्या मुलाने नावाचे विचारले तेव्हा आई दारातच बसलेली होती. तिने त्यालाच विचारले, "जुनं नाव ठिवलं की त्यो डोळा बी लागंल का रं?"

"हो आजी, आपोआप."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लावायचा तर लावा. नगं म्हनत न्हाई मी. पर लावताना मला सांगा."

हे 'आपोआप' मला तिच्या तोंडावर दिसले. ज्या गोष्टीला एकदा होकार दिला, किंवा दिला असे आम्हीच धरून चाललो, ती आपोआप पुढे चालते. करार संपला तरी चालते, गरज संपली तरी चालते, कारण थांबून विचारण्याचा प्रसंगच येत नाही. तार तुटल्यामुळे तो प्रसंग आला होता, आणि जुने नाव टंकले की तो पाच मिनिटांत जाणार होता. शिवाय जुना शब्द अर्ध्या गल्लीला ठाऊक होता. आमच्या ओट्याला टेकून जुन्या जाळ्यावर कोण काय करीत असे हे मी कधी पाहिले नाही, आणि मला त्यात पडायचेही नव्हते. पण ते घरात येत होते, एवढे खरे.

मी त्या मुलाला नवे नाव ठेवायला सांगितले. ते देवनागरीत लिहावे अशी माझी हौस होती. या नावाला ३२ घरांची जागा असते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन घरे अडविते. म्हणजे हाती राहतात दहा चिन्हे. गावाचे पूर्ण नाव त्यात मावेना. "गुरुजी, 'सराटी' बसतंय," मुलगा म्हणाला. तेवढ्यावर भागविले.

मग रविवारची आख्खी दुपार वस्तू हातात घेऊन गेली. दिवे तिसऱ्या-चौथ्या खेपेला ऐकले. गल्लीतली पोरे ओट्याशी येऊन उभी राहिली, "गुरुजी, नवीन काय हाय?" कोणी दहावीच्या अभ्यासासाठी, कोणी भरतीच्या अर्जासाठी. ज्यांनी येऊन विचारले त्यांना मी शब्द दिला. एक-दोघे आले नाहीत.

कॅमेऱ्याला अधिक दिवस लागले. त्या जातीच्या कॅमेऱ्याची रीत अशी की, ज्याच्या खात्यावर तो आहे त्याने आपल्या हाताने सोडल्याशिवाय तो दुसऱ्याच्या फोनला जोडला जात नाही. आईने तो आपल्या फोनवर घ्यायचे ठरविले होते. दादा प्रथम रागावला. "ती दिवसा पडली तर?" त्याचा हा प्रश्न खरा आहे, त्याला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि मी ते त्याला सांगितले. आईने फोन माझ्या हातून घेतला, नि ती दोघे पुष्कळ वेळ बोलली; काय ते मी ऐकले नाही. चौथ्या दिवशी त्याने कॅमेरा सोडला.

आता तो खाटेकडे न पाहता उंबऱ्याकडे पाहतो. त्याची कळ आईच्या हाताशी आहे; निजताना ती लावते, उजाडल्यावर बंद करते. दादाला पाहण्याची परवानगी तिच्या फोनवरून दिली आहे. दुपारी तो जेवणाच्या सुट्टीत फोन करतो आणि मशेरीचे विचारतो. ती किती वेळा लावली ते सांगते. खरे सांगते की नाही, ते तिलाच ठाऊक. स्वयंपाकघरातला एक दिवा अजून जोडायचा राहिला आहे. तो सध्या भिंतीवरच्या बटनाने लागतो.