कैसराचे, देवाचे आणि घराचे

आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि पुष्कळदा त्याच दिवसांत आपला प्रायश्चित्तकाळ चालू असतो. अशाच एका मार्चमध्ये धर्मग्रामातील एक भगिनी हिशेबाची वही घेऊन मला भेटावयास आली. भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत ती तयार कपडे विकते आणि त्या मिळकतीचा संसाराला मोठा आधार आहे. तिचा प्रश्न मी तिच्या अनुमतीने येथे मांडतो. ती म्हणाली, "फादर, दुकान घरातच आहे. मग घरचा खर्च धंद्याचा म्हणून दाखविला तर ते पाप होईल का?"

प्रश्नाचे एक अंग कायद्याचे आहे. खर्च संपूर्णतः आणि केवळ धंद्यासाठी केलेला असावा, तो वैयक्तिक नसावा, अशी कसोटी 1961 च्या आयकर कायद्याच्या 37 व्या कलमाने घालून दिली. 2025 च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. राहत्या जागेचा काही भाग धंद्याकडे असेल, तर भाड्याचा तेवढा वाजवी हिस्सा वजा करता येतो. (ठरावीक टक्केवारीने नफा गृहीत धरण्याची सवलत जे लहान व्यापारी घेतात, त्यांना मात्र असे खर्च वेगळे वजा करता येत नाहीत.) पाचव्या हिश्श्यात दुकान असेल, तर पाचवा हिस्सा मागणे हा हक्क आहे. त्यात संकोच कसला?

परंतु हा पाचवा हिस्सा ठरविणार कोण? आपणच. नोकरदाराचा कर पगारातूनच कापला जातो. त्याला सीमारेषा सरकविण्याची संधी नसते. घरी धंदा करणाऱ्याची मात्र प्रत्येक नोंदीत परीक्षा असते, आणि त्या वेळी साक्षीला केवळ परमेश्वर असतो.

करविषयक कायदे केवळ दंडापुरते असतात. पकडले गेल्यास दंड भरावा, पण सदसद्विवेकबुद्धीला त्यांचे बंधन नाही, असे काही नीतिशास्त्रज्ञ एके काळी मानीत. ख्रिस्तसभेने हा मार्ग स्वीकारला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली न्याय्य कर चुकविणाऱ्यांना दोष दिला, तर 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने सार्वजनिक हितासाठी कर भरणे हे नैतिक कर्तव्य ठरविले.

"पण सरकार तरी आमचा पैसा नीट वापरते का?" असे कोणी विचारील. तक्रार खोटी नाही. तथापि संत पौलाने रोमकरांना कर भरण्यास सांगितले, तेव्हा तेथे नीरोची सत्ता होती. अन्यायाविरुद्ध उघडपणे बोलावे, मतपेटीतून उत्तर द्यावे; वहीतल्या खोट्या नोंदीने अन्याय दूर होत नाही. आपण न भरलेल्या कराचा भार मात्र प्रामाणिक शेजाऱ्यावर पडतो.

त्या भगिनीच्या वहीत एक नोंद होती : 'ग्राहकांचे आदरातिथ्य'. मी चौकशी केली. ते तिच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनचे जेवण होते. "ग्राहकही आले होते ना, फादर," ती हळूच म्हणाली.

मी विचारले, "दुकान नसते, तर हे जेवण घातले नसतेस का?"

"घातलेच असते," ती म्हणाली.

घरगुती व्यवसाय करणाऱ्याने प्रत्येक खर्चाला हाच प्रश्न विचारावा. कारण येथे केवळ सरकारची फसवणूक होत नाही. जे प्रेमापोटी केले, ते नफ्यापोटी केले असे आपण स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवतो. कैसराचे कैसराला नाकारण्यासाठी आपण लेकराचा सण दुकानाच्या नावे लावतो. घराची किंमत इतकी उतरवावी काय?

हिशेबशास्त्रात अशा खर्चासाठी निराळे खाते आहे. धंद्यातून घरासाठी घेतलेली रक्कम 'उचल' म्हणून लिहितात. त्यावर करात सूट नाही, पण ती नोंद खरी असते. त्या भगिनीने माझ्यासमोरच ती ओळ खोडली आणि उचलखात्यात मुलीचे नाव लिहिले. मग भाड्याचा पाचवा हिस्सा तिने निःशंक मनाने वजा केला.