शेअर

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला आहे. घड्यांवर विरलेला, एका कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलेला. तो घेताना आजीच्या पाटल्या गेल्या. आजोबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण ‘शेअर’ हा शब्द ते ‘विहीर’ म्हणावं इतक्या सहज म्हणायचे. दिवाळीला शेअरची साखर यायची. वाटणीला बसलं की बांधाबरोबर शेअरचाही विषय निघायचा.

या शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘कापणे’ या क्रियेत आहे. नांगराच्या फाळालाही इंग्रजीत शेअरच म्हणतात, आणि तोही याच मुळातला. जमीन कापतो तो शेअर, कापून काढलेला वाटा तोही शेअर. कापणं म्हटलं की मला तर आजीच्या पाटल्याच आठवतात.

1950 च्या दशकात तात्यासाहेब कोरे वारणेच्या माळावर साखर कारखाना उभा करायला निघाले, तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून असाच वाटा काढून दिला. सहकारात शेअर एक असो की पन्नास, सभासदाला मत एकच. पुढे 1998 मध्ये वारणेच्या 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. उसाची नोंद, वजन, बिल गावातल्या कॉम्प्युटरवरच कळावं, म्हणजे माहितीतही शेतकऱ्याला वाटा मिळावा, हा त्यामागचा विचार होता.

आज ‘शेअर कर’ म्हटलं की अंगठा मोबाईलवर जातो. आपलं काहीच कापलं जात नाही, म्हणून आपण वाचतही नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा त्याआधी मोबाईलवरून गावोगाव शेअर झाली होती. ती पुढे पाठवणाऱ्यांना एक पैसाही पडला नाही. किंमत त्या पाच जणांच्या घरच्यांनी मोजली. अशा पाठवण्याला शेअर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुमच्या घरात शेअरचा जुना दाखला असेल, तर या रविवारी मुलांना काढून दाखवा. तो घेताना घरातलं काय विकलं होतं, तेही सांगा.