बंद रस्ता आणि मित्राचे मौन

मनुष्य प्रवासाला निघतो तेव्हा तो केवळ एखाद्या स्थानाचा संकल्प करीत नाही. किती दिवसांत पोहोचावयाचे, कोणत्या वाटेने जावयाचे, परत आल्यावर चार लोकांत काय सांगावयाचे, हेही त्याने मनाशी ठरविलेले असते. रस्ता बंद झाला म्हणजे या सर्व कल्पनांना एकदम धक्का बसतो, आणि म्हणूनच आडव्या टाकलेल्या बांबूपुढे एरवी शांत असलेल्या माणसाचाही तोल जातो. दोन मित्र एकाच मोटारसायकलीवरून निघालेले असले तर प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण तेथे मने दोन असतात आणि हँडल मात्र एकाच्याच हाती असते.

मनालीहून लेहला जाणारा मार्ग या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, अंतर ४६ किलोमीटरांनी घटले आणि रोहतांग खिंडीतील बर्फाची अडचण टळली. परंतु पुढची बारालाचा खिंड सुमारे ४,८९० मीटर उंचीवर होती तशीच आहे. तेथे बर्फ पडले वा दरड कोसळली की दारचा येथील चौकीवर वाहने थांबविली जातात. उन्हाळ्यात निराळीच अडचण असते. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळते आणि सकाळी घोटाभर असलेले नाले दुपारनंतर गाडी ओढून नेण्याइतके फुगतात. म्हणून जाणते लोक ते सकाळीच ओलांडतात. चौकीवर दोन तास गेले तर केवळ दोन तास गेले असे होत नाही, नाला ओलांडण्याची वेळच निघून गेलेली असते. घाईत असलेल्या मनुष्याला हा हिशेब सुचत नाही.

दारचाहून दुसरा एक मार्ग फुटतो. शिंकुला खिंडीवरून झांस्करमधील पदुमला आणि तेथून निमू येथे श्रीनगर–लेह रस्त्याला मिळणारा हा २९८ किलोमीटरांचा मार्ग सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडला. नकाशा पाहणाऱ्यास वाटते की एक दार मिटले तरी दुसरे उघडेच आहे. परंतु शिंकुला ही बारालाचाहूनही उंच आहे, आणि त्या बाजूला पेट्रोल व वस्ती दोन्ही विरळ. वळसा म्हणजे लांबची पण सोपी वाट, हा सपाटीवरचा समज तेथे उपयोगी पडत नाही.

वळशाला आणखीही एक अंग असते, त्याचा विचार सहसा होत नाही. जुलै २०२३ मध्ये बियास नदीला महापूर येऊन कुलू–मनाली महामार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. तेव्हा नदीच्या डाव्या तीरावरील, नग्गरवरून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर वाहतुकीचा भार आला. हा रस्ता गावांतून आणि सफरचंदांच्या बागांना लागून जातो. प्रवाशाचे चार दिवस बुडाले. पण ज्याच्या बागेतील फळ उतरविण्यास आले होते त्याचे वर्ष बुडण्याची वेळ आली. त्याच्या अंगणावरून कर्कश भोंगा वाजवीत जाणाऱ्याने आपल्याच गैरसोयीचे गाऱ्हाणे सांगावे, हे शोभणारे नाही.

असो. आता समजा, दारचाच्या चौकीवर दोन मित्र येऊन उभे आहेत. चालविणारा अधीर झालेला आहे, रजा संपत आली आहे. मागे बसलेल्याचे डोके पहाटेपासून ठणकत आहे आणि अन्नावरची वासना गेली आहे. २,५०० मीटरांहून अधिक उंचीवर विरळ हवेमुळे असे होऊ शकते. ही लक्षणे असताना आणखी वर चढू नये आणि ती वाढली तर विनाविलंब खाली उतरावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. हयगय केल्यास प्राणावर बेतते. चालविणारा विचारतो, "शिंकुलावरून जाऊ या, तुला चालेल ना?" मागचा उत्तर देतो, "तू म्हणशील तसं."

हे उत्तर वरवर पाहता निःस्वार्थपणाचे वाटते. मित्राच्या आनंदासाठी स्वतःचे दुःख गिळणे याला आपल्याकडे मोठेपणाच मानतात. पण त्याच्या तळाशी पाहिले तर तेथे दुसरेच काही सापडते. आपण दुबळे ठरू नये हा अभिमान त्यात असतो, आणि निर्णयाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होण्याची इच्छाही असते. विचारणाराही निर्दोष नाही. "चालेल ना?" या प्रश्नात नकाराला जागाच ठेवलेली नाही, तो होकार मागत नाही, गृहीत धरतो.

गीतेतील रथी आणि सारथी हेही मित्रच आहेत. तेथे रथात बसलेला आपली अवस्था लपवीत नाही. अंगाला कंप सुटला आहे, तोंड कोरडे पडले आहे, धनुष्य हातात राहत नाही, हे तो दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून बोलून दाखवितो. कोणी म्हणेल की शेवटी अर्जुनाला उठण्यासच सांगितले गेले, मग डोकेदुखीचे कौतुक कशाला? पण अर्जुनाचा कंप मोहाचा होता, विरळ हवेचा नव्हता. आणि हा भेद कळण्यासाठीही तो प्रथम सांगितला जाणे अवश्य होते. जे सांगितलेच नाही त्यावर सारथी काय उपाय करणार? शिवाय सर्व उपदेश झाल्यावर निर्णय अर्जुनावरच सोपविला आहे, हेही विसरता येत नाही.

उलट शंका अशीही निघेल की प्रत्येक कुरकुर ऐकत बसले तर कोणी घराबाहेरच पडणार नाही. कुरकुर आणि पीडा यांची गल्लत करू नये, हे खरे. परंतु येथे तराजूत काय काय आहे ते पाहावे. थांबल्याने होणारे नुकसान दोघांचे आहे आणि ते पुढल्या वर्षी भरून निघेल. चढल्याने होणारे नुकसान एकाचेच आहे आणि ते कदाचित कधीच भरून निघणार नाही. अठराव्या अध्यायात तामस कर्माची जी ओळख दिली आहे, तिच्यात स्वतःची शक्ती न जोखणे आणि दुसऱ्याच्या पीडेकडे डोळेझाक करणे ही दोन्ही येतात. लेहला जाण्याचा निश्चय आणि आजच, याच वाटेने जाण्याचा हट्ट या एक गोष्टी नव्हेत. निश्चय केलांगला मागे उतरून दोन दिवस थांबू शकतो, हट्टाला ते जमत नाही.

गृहस्थाला हे समजण्यासाठी हिमालयात जाण्याची गरज नाही. घर विकणे, मुलाचे शिक्षण, वृद्ध आईला कोणी ठेवून घ्यावे, असे कितीतरी निर्णय "तुम्ही म्हणाल तसं" या उत्तरावर उभे राहतात, आणि वर्षांनंतर तेच उत्तर देणारी व्यक्ती मनात साचलेले बोलू लागते तेव्हा कर्ता पुरुष आश्चर्याने म्हणतो, "त्या वेळी तर विचारलं होतं!"

चौकीवरच्या त्या मित्राने असे उत्तर ऐकताच किल्ली काढून खिशात घालावी आणि खाली उतरावे. हेल्मेटच्या आत चेहरा दिसत नाही, ते आधी काढावयास सांगावे, पाणी द्यावे आणि मग विचारावे, "सकाळी काय खाल्लंस? डोकं कधीपासून दुखतंय?"