‘मजामां’ आणि सत्य
बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या जिन्यात शेजारच्या काकांनी ‘केम छो?’ विचारले, की ‘मजामां’ म्हणून मोकळे व्हावे, हा मराठी घरांतही रुळलेला दस्तूर. पण माझा स्वमग्न भाचा पायरीवर थबकतो, कठड्यावरचा हात काढीत नाही, आणि आपण खरोखर कसे आहोत याचा तपास करून, काका दार लावून घेत असता, ‘डावा कान दुखतो आहे’ असा जबाब रुजू करतो. ‘केम छो–मजामां’सारख्या बोलण्यात अर्थापेक्षा सहवास साधला जातो, हे मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनॉव्स्कीने १९२३ साली मांडले, व ते मला मान्य आहे. तथापि गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय, म्हणजे वाणीच्या, तपाला प्रियतेसह सत्याचीही अट आहे, मौन तर मानस तपातच गणले आहे. मग तपाला चुकला कोण? काकांनी दुसऱ्या दिवशी कानाची चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, ‘आता उजवा.’