रूढी कुणाच्या हातांनी चालते?

हेरवाड हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं गाव. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. विधवेला धार्मिक आणि सामाजिक कार्यक्रमांपासून लांब ठेवणंही बंद. ठराव मांडणारी आणि त्याला अनुमोदन देणारी, दोघीही महिला सदस्य. सरपंच होते सुरगोंडा पाटील. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्याच आठवड्यात शंभर वर्षं पूर्ण होत होती. महिना संपायच्या आत ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठरावाचा आधार होता तो सन्मानाने जगण्याच्या हक्काचा. मग प्रश्न येतो, आणि तो टाळू नये असा आहे. ज्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या धर्म म्हणून पाळल्या, त्या बंद करण्याचा अधिकार गावाला कुणी दिला? गटारं, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती पाहणाऱ्या पंचायतीने धर्माचा निर्णय कसा करायचा?

महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा रीतसर सोडवून पाहिला आहे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यासाठी पराशरस्मृतीचा आधार काढला होता, आणि विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचं पुस्तक मराठीत आणलं. १८६९ मध्ये मुंबईत विष्णुशास्त्र्यांच्या मंडळींनी एक विधवाविवाह लावला आणि सनातन्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. मग १८७० साली पुण्यात शंकराचार्यांच्या समोर जाहीर वाद झाला. दोन्ही बाजूंनी पंच नेमले, पोथ्या उघडल्या, वचनांमागून वचनं निघाली. निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला.

सुधारकांच्या पक्षाला वेदांतले आधार पुरवणारे होते महादेव गोविंद रानडे. तीनच वर्षांनी त्यांची पहिली पत्नी वारली. वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी विधवेशी लग्न न करता अकरा वर्षांच्या रमाबाईंशी केलं. रानड्यांची निष्ठा खोटी होती असं म्हणणं अन्याय होईल. पण इतका मोठा माणूस, इतका अभ्यास, आणि रूढी मोडायची वेळ आली ती स्वतःच्या घरात, वडिलांच्या डोळ्यांसमोर. तिथे पोथी कामाला आली नाही. विष्णुशास्त्र्यांनी मात्र १८७४ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला.

रूढीची पोथीतली बाजू तरी इतकी पक्की होती का? विधवेचं डोकं भादरण्याचीच रूढी घ्या. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात विधवेच्या केशवपनाचा माग काढला, तेव्हा जुन्या सूत्रांत आणि स्मृतींत त्याला भक्कम आधार सापडत नाही हे त्यांनी दाखवून दिलं. मनुस्मृतीसुद्धा धर्माची चार गमकं सांगते. वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि चौथं म्हणजे ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचं समाधान. पहिल्या तिहींवर ग्रंथांचे डोंगर रचले गेले. चौथं गमक विधवेला लावून पाहावं, तिच्या मनाला काय वाटतं ते विचारावं, हे वाद घालणाऱ्यांच्या खिजगणतीतही नव्हतं. ती त्या सभेत नव्हतीच.

वीस वर्षांनी, १८९० मध्ये, मुंबईत वेगळंच घडलं. ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांची सभा भरवली. विधवांचं केशवपन आपण करणार नाही, असं त्या सभेत ठरलं. या माणसांना शास्त्रार्थाच्या सभेत कुणी बसू दिलं नसतं. त्यांच्याकडे वस्तरा होता आणि तो खाली ठेवण्याचा निर्णय त्यांनी घेतला. त्यात त्यांचं नुकसान होतं. ज्या घरांवर पोट अवलंबून, त्यांनाच नकार द्यायचा होता. तरी त्यांनी जे ओळखलं ते पुण्याच्या दहा पंचांना दिसलं नव्हतं, की आज्ञा कितीही वरून आलेली असो, ती पुरी करायला खालचा हात लागतो.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला पुण्यात जोतीराव फुले गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून दत्तक मुलगा यशवंतच्या हक्काबद्दल भाऊबंदांनी वाद काढला. यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, फुले दांपत्याने पोटच्या पोरासारखा वाढवलेला. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवं त्यांनी स्वतः धरलं. काही तासांपूर्वी विधवा झालेली बाई, जिने कोपऱ्यात तोंड लपवून बसावं अशी समाजाची अपेक्षा, ती नवऱ्याच्या प्रेतापुढे चालली.

हेरवाडच्या ठरावामागची चळवळ नेमकी रूढी चालवणाऱ्या या हातांपाशी पोचते. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांचा एक सहकारी करोनाच्या पहिल्या लाटेच्या काळात वारला. अंत्यविधीच्या वेळी त्याच्या बायकोवर जी जबरदस्ती झाली ती झिंजाडे यांनी पाहिली आणि त्यांना ती सहन झाली नाही. त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर हे प्रकार होऊ नयेत. मग ते गावागावांना ठराव करण्याचं आवाहन करू लागले.

ती जबरदस्ती कशी असते ते गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रेत अजून अंगणात असतं. दोघीतिघी त्या बाईला धरतात, हात दगडावर ठेवून चुडा फोडतात, काच मनगटात घुसते. कपाळ पुसलं जातं. जोडवी वर्षानुवर्षं बोटात बसलेली असतात, ती सहज निघत नाहीत, ओढून काढतात. आणि हे करणाऱ्या बहुधा बायकाच असतात. भावकीतल्या, शेजारच्या, कितीदा स्वतः विधवा झालेल्या. त्यांना दुष्ट म्हणून मोकळं होता येणार नाही. जे आपलं झालं तेच हिचं व्हायचं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. केलं नाही तर गेलेल्याला गती मिळणार नाही, घराला दोष लागेल, उद्या आपल्या पोरीच्या सोयरिकीत कुणी हे काढेल, ही भीती खरी असते. एकटीने हात मागे घेतला तर तिला गाव बोलणार. पंचायतीच्या ठरावाचं खरं मोल इथे आहे. त्याने त्या बायकांना ‘गावानेच बंद केलंय’ असं म्हणायची सोय दिली. गाव धर्माचा निर्णय करत नव्हतं, आपण स्वतःच्या हातांनी काय करणार आणि काय करणार नाही, हे ठरवत होतं. तो अधिकार त्याला कुणी द्यावा लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. विरक्ती हा आपल्या परंपरेतला मोठा आदर्श. नवरा गेल्यावर एखादीला अलंकार नकोसे झाले, साधेपणाने राहावंसं वाटलं, तर त्यात वाईट काय?

याचं उत्तर पार्वतीबाई आठवल्यांच्या आयुष्यात आहे. कोकणातल्या देवरुखच्या या बाई विशीत विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. केशवपन झालेलं. त्यांची बहीण गोदूबाई बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिने पुनर्विवाह केला. त्यापायी कर्व्यांना त्यांच्याच मुरुड गावाने वाळीत टाकलं. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही, तो मार्ग त्यांना स्वतःसाठी नको होता. त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करत वर्षानुवर्षं गावोगाव फिरल्या. संन्यस्त म्हणावं असंच ते जगणं. आणि याच बाईंनी १९१२ च्या सुमारास केस राखायचं ठरवलं. टीका झाली, त्यांनी ती सोसली. पुढे १९१८ मध्ये इंग्रजी धड येत नसताना त्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं केली आणि आश्रमासाठी मदत मिळवली. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र.

पार्वतीबाईंनी विरक्ती ठेवली आणि वस्तरा नाकारला. दोन्ही गोष्टी एकाच बाईला एकाच वेळी साधल्या, म्हणजे त्या वेगळ्या आहेत. त्याग स्वतः करायचा असतो. दुसऱ्याने धरून करवलेल्या त्यागाचं पुण्य धरणाऱ्याला मिळत नाही आणि धरलेल्या बाईलाही नाही. हेरवाडच्या ठरावाने कुणा विधवेला टिकली लावण्याची सक्ती केलेली नाही. तिने काय घालावं ते तिच्यावर सोडलं आहे, आणि शास्त्राच्या चौथ्या गमकाशी ते इमान राखून आहे असं मानायला हवं.

ठराव झाला म्हणजे सगळं झालं असं अर्थातच नाही. ठरावाला दंडाची ताकद नाही. हळदीकुंकवाला बोलावणं येतं, पण गेल्यावर कुणी कुंकू लावायला पुढे होत नाही, हे अजून घडतं. आणि कुंकवाच्या पलीकडे जमिनीचा प्रश्न आहे. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला पूर्ण मालकी दिली, तरी सातबाऱ्यावर तिचं नाव चढवताना दीर आणि सासरा आडवे येतात. करोनात नवरे गेलेल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींसोबत महिला किसान अधिकार मंच काम करतो. वारसनोंद, पेन्शन, मुलांच्या फिया, सावकाराचं कर्ज, अशी त्यांच्यापुढची यादी. प्रथाबंदीचा ठराव करणाऱ्या ग्रामसभांनी आता पुढच्या सभेत वारसनोंदी घ्याव्यात. गावात नवरा वारलेल्या किती जणींची नावं सातबाऱ्यावर लागली आणि किती जणींची अडली, ते तलाठ्याकडून मागवून सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. अडवणारे दीर-सासरे त्याच सभेत बसलेले असतील.