एक भाकर होईस्तोवर

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक दमूनभागून झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांचा जीव त्यांच्याच घरांनी घेतला. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, त्यांवर माळवदाची पिढ्यान्पिढ्या चढवलेली माती. आमचं गाव तिथून तीसेक किलोमीटर. आमच्याकडे कुणी दगावलं नाही, पण स्वयंपाकघराच्या भिंतीला आढ्यापासून चुलीपर्यंत भेग पडली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

त्यानंतर सगळं गाव अंगणात, खळ्यावर, रस्त्याच्या कडेला झोपायला लागलं. चुलीही बाहेर आल्या. जमीन अधूनमधून गुरगुरायची. काही तरुण मात्र हट्टाने घरात झोपायचे आणि सकाळी मिशीला पीळ देत बाहेर यायचे. त्यांचं तेव्हा मोठं कौतुक झालं. आज मला ते धाडस वाटत नाही. धक्के चालू असताना भेगाळलेल्या भिंतीखाली झोपणं म्हणजे भीतीकडे पाठ फिरवणं, आणि तिच्याकडे पाठ फिरवलेला माणूस तिचं म्हणणं ऐकत नाही. त्या दिवसांत भीतीचं म्हणणं खरं होतं.

आज्जीने मात्र ऐकलं. दिवाळीच्या सुमाराला तिने गवंड्याला बोलावून भिंत दाखवली. त्याने भेगेवर आडवी, वर्तमानपत्राच्या कागदाची एक पट्टी खळीने चिकटवली. कागद फाटला तर भेग वाढतेय, नाही फाटला तर भिंत थांबलीय. एवढंच. पण त्या दिवसापर्यंत घरभर पसरलेली भीती त्या चार बोटांच्या पट्टीवर येऊन बसली. आज्जी रोज सकाळी तोंड धुतलं की आधी पट्टी बघायची, मग चहा.

आठवडाभर पट्टी शाबूत राहिल्यावर ती काथवट घेऊन आत गेली. मला दारात उभं केलं. ‘‘एक भाकर होईस्तोवर बसते. जमीन हलली तर हाक मार.’’ तिने पीठ मळलं, भाकर थापली, तव्यावर टाकून पाणी फिरवलं, उलटली, आराला लावून फुगवली आणि ती हातात घेऊनच बाहेर आली. कपाळावर घाम होता, नोव्हेंबरात. दुसऱ्या दिवशीही एकच. तिसऱ्या दिवशी दोन. महिन्याभरात सगळ्या घराच्या भाकरी आत व्हायला लागल्या. दारात मी असायचोच. माझीही भीती त्या दारातच कमी झाली, कारण मला काम मिळालं होतं.

भीती वाटणाऱ्या गोष्टीच्या जवळ थोडं थोडं जाणं, ती सहन होऊ लागली की आणखी एक पायरी चढणं, ही रीत मानसोपचारात आज सर्रास वापरली जाते. टाळत राहिलं की भीती पोसली जाते, हे त्यामागचं साधं तत्त्व. आज्जीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला भाकरी करायच्या होत्या, आणि पावसापाण्यात चूल बाहेर किती दिवस चालणार?

‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला आपण एकमेकांना फार सहज देतो. दवाखान्यातला रिपोर्ट यायचा असतो, नोकरीवर टांगती तलवार असते, मुलगा परमुलखात असतो आणि फोन लागत नाही. अशा वेळी समोरचा म्हणतो, खंबीर राहा. जणू मनाच्या तळाशी बळाची एखादी कणगी भरलेली आहे आणि आपण फक्त झाकण काढायचं विसरलोय. ज्याला ती सापडत नाही तो घाबरलेला तर असतोच, वर शरमिंदाही होतो. माझं म्हणणं असं, की अशी भरलेली कणगी कुणाकडेच नसते. बळ आधी आणि कृती नंतर, हा क्रमच चुकीचा आहे. आज्जी आत गेली तेव्हा तिच्याकडे बळ नव्हतं. ते एकेका भाकरीने साठत गेलं.

पण त्याआधी पट्टी लागते. भीतीतला खरा भाग किती, हे कुणा जाणकाराकडून नीट समजून घ्यावं लागतं, आणि जो भाग खरा निघेल त्यावर हात चालवावा लागतो. आमच्या वडिलांनी पुढच्या उन्हाळ्यात माळवदाची निम्मी माती उतरवली. भूकंपग्रस्त भागातल्या 52 गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. बाकी हजारो घरांच्या भिंतींत आरपार दगड बसवले गेले, काँक्रीटचे पट्टे आले. हे सगळं घाबरलेल्या माणसांनीच केलं.

आणि एवढं करूनही अनिश्चितता संपत नाही, हे कबूल करायला हवं. 1993 साली देशाच्या भूकंप-नकाशावर हा भाग पहिल्या क्षेत्रात होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. 1992 साली किल्लारीला धक्के बसलेही होते. ते थांबले आणि माणसं परत माळवदाखाली झोपू लागली. पुढे 2002 साली नकाशा सुधारला गेला, तेव्हा पहिलं क्षेत्रच काढून टाकलं. आता या देशाचा नकाशा दुसऱ्या क्षेत्रापासून सुरू होतो. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. धोका अजिबात नाही अशी जागा शोधत बसण्यात आपलं आयुष्य जातं, आणि ती जागा नकाशावरच नाही.

तेव्हा घाबरलेल्या माणसाला खंबीर राहा म्हणू नका. त्याच्या दारात उभे राहा.

आज्जी त्यानंतर बारा वर्षं जगली. त्या बारा वर्षांत ती माळवदाखाली एक रात्रही झोपली नाही. शेवटपर्यंत अंगणातल्या पत्र्याखालीच तिचं अंथरूण असायचं. आणि एकदा आत नेलेली चूल तिने पुन्हा बाहेर मांडली नाही.