चौथी सीट

भिवपुरी रोडला एक मुलगा रोज सकाळची लोकल पकडत असे. गाडी कर्जतहूनच भरून यायची. पण ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या बाकावर, एक काका कडेला बसलेले असत. मुलगा दिसला की काका खिडकीकडे सरकत. मग शेजारचे दोघे सरकत, आणि तिघांच्या बाकावर चौथी सीट निघे. चौथ्या सीटवर माणूस अर्धाच मावतो. एक पाय वाटेत, एक खांदा शेजाऱ्याला टेकलेला. तसाच तो कल्याणपर्यंत जाई.

ही २०१९ सालची गोष्ट. लोकसभेची निवडणूक नुकतीच झाली होती. कर्जत मावळ मतदारसंघात येतं, पण डब्यात वाद चालायचा शिरूरचा. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिका तेव्हा घराघरांत रोज रात्री लागत होती, आणि तिच्यात संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे शिरूरमधून खासदार झाले होते.

काका म्हणत, “मालिका चालू असताना नटाने निवडणुकीला उभं राहू नये. लोक मत माणसाला देतात की महाराजांना, हे कसं कळायचं?”

मुलगा म्हणे, “काका, लोक एवढे खुळे नाहीत. पडद्यावरचं कुठलं आणि खरं कुठलं, त्यांना कळतं.”

“नाही पटत.”

“मलाही नाही पटत तुमचं.”

एवढ्यात बदलापूर येई, गर्दी आत घुसे, आणि काका पुन्हा चार बोटं सरकून घेत.

रात्री मुलगा फोन घेऊन अंथरुणावर पडे. तिथे त्याला आणखी एक माणूस भेटला होता. चेहऱ्याच्या जागी डोंगराचं चित्र, नावाच्या जागी नुसतं ‘मावळा’. त्याचं म्हणणं काकांसारखंच होतं, अगदी शब्दाला शब्द. पण काकांना “नाही पटत” म्हणणारा हा मुलगा त्याला मात्र वाटेल ते लिहीत असे. अक्कल काढी, आईबाप काढी. तोही काढी. एकदा मुलाने लिहिलं, “माझ्या बापाने कर्जतच्या स्टुडिओत किल्ल्यांना रंग दिलाय. तू कोण मला शिकवणार?”

ते मात्र खरं होतं. कर्जत-चौक रस्त्यावरच्या एन. डी. स्टुडिओत २००८ साली ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचं काम चाललं होतं, तेव्हा त्याचे वडील तिथे रंगारी होते. प्लायवूडच्या भिंतीवर प्लास्टर चढलं की ते स्पंजचा तुकडा करड्या रंगात बुडवत आणि हलक्या हाताने टेकवत जात. एक करडा वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. उन्हाची बाजू फिकी, सांध्यात काळं, खाली जमिनीशी थोडं शेवाळी. चार पावलं मागे गेलं की दगड दिसे. लहानपणी मुलाने त्या दगडावर बोट टेकवलं होतं, आणि बोट हिरवं झालं होतं.

एके सकाळी मुलगा लाल डोळ्यांनी चौथ्या सीटवर बसला. काकांनी विचारलं, “झोपला नाहीस का रे?”

“एकाशी भांडत होतो. तुमच्यासारखंच बोलतो तो. मला तर वाटलं, तुम्हीच आहात.”

काकांनी खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला. मग म्हणाले, “काय लिहिलंस त्याला? वाचून दाखव.”

मुलाने फोन काढला. पहिला शब्द वाचला. दुसऱ्यापाशी अडखळला. काका कान देऊन बसले होते. त्यांचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला होता. समोरच्या बाकावरची एक बाई टोपलीतली भाजी सारखी करता करता थांबली होती. मुलाने अंगठ्याने ओळ वर सरकवली, पुढची पाहिली, ती तर आणखी वाईट होती. शेलू आलं, गेलं. वांगणी आलं.

“नाही वाचता येत, काका,” तो म्हणाला.

काकांनी फक्त मान हलवली आणि डबा उघडला. पोळीभाजीचा एक घास त्यांनी त्याच्या हातावर ठेवला.

त्या रात्रीही मुलाने उत्तर लिहिलं. पण पाठवण्याआधी मोठ्याने वाचून पाहिलं. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “कोण आलंय रे?” मुलगा गप्प राहिला. मग त्याने लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं. म्हणणं तेच राहिलं.

समोरचा दोन दिवस तसाच बोलत राहिला, मग तोही ‘तुम्ही’वर आला. मत त्याने सोडलं नाही, याने सोडलं नाही.

जुलै संपत आला आणि पाऊस कोसळला. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. गाडीत हजारावर माणसं होती, चहूकडे पाणी. २७ जुलैला बचावपथकं होड्या घेऊन आली आणि दुपारपर्यंत सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. मुलाच्या घरी वीज नव्हती. संध्याकाळी कुठेतरी फोन थोडा चार्ज करून त्याने उघडला, तर मावळ्याचा निरोप आला होता.

“तुम्ही कर्जतकडचे ना? बातम्या बघतोय. घरचे बरे आहेत का?”

मुलाने ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, “बरे आहेत. पाणी ओसरतंय. तुमच्याकडे?”

अनोळखी माणसाशी वाद घालणं वाईट नाही. सिनेमा, मालिका, निवडणूक यांवर आपल्याकडे पारावर, डब्यात, चहाच्या टपरीवर वाद होतच आले, आणि ते व्हावेत. पण डब्यात ज्याच्याशी वाद घालायचा, त्याच्याच खांद्याला टेकून बसावं लागतं. उद्या पुन्हा त्याच्याचकडे जागा मागायची असते. म्हणून तिथे शब्द आपोआप सरकून बसतात. फोनवर तो खांदा लागत नाही, तो आपल्याला मनाने लावून घ्यावा लागतो.

गाड्या सुरळीत झाल्यावर मुलगा भिवपुरीला चढला. काका बाकाच्या कडेला होते.

“काय म्हणतो तुझा मावळा?”

“अजून पटत नाही त्याला.”

“मलाही नाही पटत,” काका म्हणाले, आणि सरकले.